नवं नाव कागदावर आणताना : खान्देशातल्या ट्रान्स व्यक्तींसाठी पहिल्या फॉर्मपासून सातबाऱ्यापर्यंत

माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. दिवसभर मी लोकांचे फॉर्म भरतो: पीक विमा, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्ती, रेशन कार्डातली नावं. दुसऱ्यांच्या नावातली एकेक वेलांटी दुरुस्त करून देणारा मी, पण माझ्या स्वतःच्या आधार कार्डावर 2023 पर्यंत मुलीचं नाव होतं. मी ट्रान्समॅन आहे, म्हणजे जन्माच्या वेळी मुलगी म्हणून नोंदवलेला पुरुष, अमळनेर तालुक्यातला. स्वतःचे कागद बदलायला मला सव्वा वर्ष लागलं. त्यातले निदान सहा महिने मी चुकीच्या क्रमाने धावल्यामुळे वाया गेले. नंतर चोपडा, शिरपूर, शहादा अशा ठिकाणांहून ओळखीओळखीने काही जण माझ्याकडे आले आणि त्यांचे फॉर्म भरताना बऱ्याच गोष्टी पक्क्या झाल्या. त्या एका जागी लिहून ठेवतोय.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगतो. आपल्याला जुनं नाव पुसून टाकावंसं वाटतं. मलाही वाटायचं. पण सरकारी कागदांच्या जगात जुनं नाव पुसून चालत नाही. “अमुक नावाची व्यक्ती आणि तमुक नावाची व्यक्ती एकच” हे सांगणारा धागा जुन्या कागदापासून नव्यापर्यंत अखंड राहावा लागतो. तो मधे तुटला की तुमची पदवी एकाची, बँकेतले पैसे दुसऱ्याचे आणि शेत तिसऱ्याचं, असं होऊन बसतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या हा धागा सांभाळण्यासाठीच आहेत.

आपल्या हातात कायदा काय देतो

15 एप्रिल 2014 ला सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या खटल्यात (सगळे त्याला नाल्सा निकाल म्हणतात) आपली लिंगओळख आपण ठरवण्याचा हक्क मान्य केला. त्यानंतर 2019 चा ट्रान्सजेंडर व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायदा आला, तो 10 जानेवारी 2020 पासून लागू झाला. त्याचे नियम त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये निघाले.

या कायद्यातलं कलम 7 चं तिसरं उपकलम पाठ करून ठेवा. जिल्हाधिकाऱ्यांचं ओळख प्रमाणपत्र ज्याच्याकडे आहे त्याला जन्मदाखल्यात आणि ओळखीच्या इतर सगळ्या सरकारी कागदांत आपलं पहिलं नाव बदलण्याचा हक्क आहे, असं ते म्हणतं. “पहिलं नाव” हे शब्द नीट वाचा. आपल्याकडे पूर्ण नाव म्हणजे स्वतःचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव. या प्रमाणपत्राच्या जोरावर यातला पहिला शब्द बदलतो. वडिलांचं नाव काढायचं असेल, आडनाव बदलायचं असेल किंवा किन्नर समाजाच्या घराण्यात गुरूजवळ राहणाऱ्यांना गुरूचं नाव लावायचं असेल, तर राजपत्र (गॅझेट) लागतं. त्याबद्दल पुढे येईलच.

कायदा दिल्ली-मुंबईच्या लोकांसाठी असतो, आपल्याकडे कोण विचारतं, असं बरेच जण म्हणतात. त्यांना मी भादलीची गोष्ट सांगतो. जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकच्या ग्रामपंचायत निवडणुकीत अंजली पाटील यांनी महिलांसाठी राखीव असलेल्या जागेवर अर्ज भरला होता. छाननीत तो बाद झाला. त्या उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या. 2 जानेवारी 2021 ला खंडपीठाने 2019 च्या याच कायद्याचा आधार घेऊन त्यांचा अर्ज स्वीकारायला लावला. त्या निवडणूक लढल्या आणि निवडून आल्या. जळगावपासून हाकेच्या अंतरावरच्या गावात हे घडलंय. म्हणून खिडकीवर उभे राहताना मान खाली घालायचं काही कारण नाही.

एक सूचना मात्र मनापासून करतो. नियम, फॉर्म आणि लागणारे कागद बदलत राहतात. माझा अर्ज 2020 च्या नियमांखाली झाला आणि खाली जे लिहिलंय ते त्याच नियमांना धरून आहे. तुम्ही अर्ज कराल त्या दिवशी राष्ट्रीय पोर्टलवरच्या चालू सूचना आणि कायद्याची ताजी स्थिती स्वतः वाचा. कुणीतरी व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या जुन्या पीडीएफवर फॉर्म भरू नका.

फॉर्मला हात लावण्याआधी : एक वही, एक पेन

वहीचं एक पान घ्या आणि पाच रकाने आखा: कागद, त्यावरचं मराठी नाव, त्यावरचं इंग्रजी स्पेलिंग, जन्मतारीख, लिंग. मग घरातली पेटी उघडून एकेक कागद बघत पान भरा. आधार, पॅन, मतदार कार्ड, रेशन कार्ड, शाळा सोडल्याचा दाखला, दहावी-बारावीची गुणपत्रकं, जातीचा दाखला, बँक पासबुक, लायसन्स, सातबारा, सगळं.

हे पान भरलं की चुका आपोआप समोर येतात, आणि आपल्या भागात त्या हमखास निघतात. आडनाव चौधरी असेल तर इंग्रजीत सुरुवात “सीएचए” की “सीएचओ”, शेवटी “आय” की “वाय”, प्रत्येक कागदावर वेगळं. त्याहून मोठा घोळ पाटील या आडनावाचा. आपल्याकडे कितीतरी घरांत वडिलांच्या सातबाऱ्यावर “पाटील” असतं आणि मुलांच्या शाळेच्या दाखल्यावर मूळ आडनाव, भोळे किंवा कोल्हे. आतापर्यंत त्याने कुणाचं काही अडलं नव्हतं, कारण गावात सगळे सगळ्यांना ओळखतात. पण पहिलं नाव बदलल्यावर आडनावही जुळलं नाही, तर समोरचा कारकून म्हणणार की हा माणूस वेगळाच आहे. त्यात त्याची फार चूक नाही. तेव्हा एकच आडनाव आणि त्याचं एकच स्पेलिंग आज ठरवा आणि शेवटपर्यंत तेच चालवा.

आता नाव. ते कोणतं हे मी सांगणार नाही, ते तुमचं तुम्हाला माहीत आहे. फक्त एवढं बघा की इंग्रजीत ते एकाच तऱ्हेने लिहिता येतं का, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या तोंडात बसतं का. माझ्या आजीला सगळं कळल्यावर तिने एवढंच विचारलं होतं, “आते तुले काय हाक मारू भो?” मी आधी ठरवलेलं नाव तिला म्हणताच येईना. मग मी दोन अक्षरी साधं नाव घेतलं. आज तिच्याइतक्या सहजपणे ते नाव दुसरं कुणी घेत नाही.

लिंगाच्या रकान्यात काय हवंय तेही इथेच ठरवा, कारण आधारमध्ये लिंग आयुष्यात एकदाच बदलता येतं. नाव दोनदा, जन्मतारीख एकदा. मर्यादा संपली की प्रकरण आधारच्या प्रादेशिक कार्यालयाकडे जातं आणि तिथे खूप वेळ जातो. 2020 च्या नियमांनुसार पहिल्या प्रमाणपत्रावर “ट्रान्सजेंडर” अशी नोंद येते. पुढे वैद्यकीय उपचारानंतर रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांचं किंवा मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांचं पत्र जोडून “पुरुष” किंवा “स्त्री” असं सुधारित प्रमाणपत्र मागता येतं. हा दुसरा टप्पा वर्षभरात करायचं नक्की असेल, तर आधारवर आत्ता फक्त नाव बदला आणि लिंगाची ती एक संधी राखून ठेवा. मी हेच केलं. पण ज्यांना ट्रान्सजेंडर हीच आपली ओळख वाटते त्यांनी थांबायचं काही कारण नाही.

शेवटचं, आणि यावर बरेच जण फसतात: मोबाईल नंबर. आधारला जोडलेला नंबर वडिलांचा किंवा भावाचा असेल तर प्रत्येक ओटीपी त्यांच्या हातात जाईल. घरी अजून सांगितलं नसेल तर सगळ्यात आधी स्वतःचं सिम घ्या आणि आधारला तोच नंबर जोडा. टपालाने येणाऱ्या कागदांचंही तेच. पॅन कार्ड आणि आधारचं पत्र दिलेल्या पत्त्यावर येतं, आणि गावात पोस्टमनच्या हातातलं पाकीट चार जण बघतात.

जिल्हाधिकाऱ्यांचं प्रमाणपत्र

पुढचं सगळं या एका कागदावर उभं राहतं.

अर्ज केंद्र सरकारच्या ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठीच्या राष्ट्रीय पोर्टलवर होतो, ते नोव्हेंबर 2020 मध्ये सुरू झालं. ऑफलाइन अर्जही देता येतो, पण ऑनलाइनच करा, म्हणजे अर्ज क्रमांक मिळतो आणि कागद कुठे अडकलाय ते दिसतं. अर्जात जन्मनाव आणि निवडलेलं नाव, दोन्ही लिहायची असतात. सोबत पत्ता, ओळखीचा पुरावा, फोटो, सही आणि पोर्टलवरच्या नमुन्यातलं प्रतिज्ञापत्र. अठरा वर्षांखालच्यांचा अर्ज आईवडिलांना किंवा पालकांना करावा लागतो.

प्रतिज्ञापत्र नोटरीकडे करताना नमुना प्रिंट काढूनच न्या. नोटरीच्या टेबलावरचा टायपिस्ट नेहमीच्या नावबदलाचा मजकूर टाकून देतो, “लग्नानंतर माझे नाव” असा. माझ्यासमोर एकदा तसा कागद टाइप झाला होता. सही करण्याआधी प्रत्येक ओळ मोठ्याने वाचा. शासकीय कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्रांना महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क माफ आहे. तरी कुणी स्टॅम्प पेपर मागितला, तर कशासाठी ते विचारा.

कोणत्या जिल्ह्यात अर्ज करायचा हा प्रश्न आपल्याकडे खरंच अवघड होतो. नियम असं सांगतो की अर्जाच्या दिवशी तुम्ही त्या जिल्ह्यात सलग बारा महिने राहत असलं पाहिजे. आपली कितीतरी मुलं-मुली सुरतला, पुण्याला कामाला जातात, दिवाळीला आणि कानबाईच्या रोटांना घरी येतात. आधारवर पत्ता नंदुरबारचा आणि भाडेकरार सुरतचा, असं असेल तर आधी ठरवा की कोणता पत्ता सिद्ध करता येतो, आणि त्याच जिल्ह्यात अर्ज करा. दोन्हीकडे अर्ज टाकू नका.

अर्ज पोर्टलवरून जिल्ह्यात येतो आणि प्रत्यक्ष काम बहुतेक वेळा समाज कल्याण सहायक आयुक्तांच्या कार्यालयातून हलतं. दहा-बारा दिवस काही हललं नाही, तर अर्जाची प्रिंट घेऊन तिथे जा. धडगाव-अक्कलकुव्याकडून येणाऱ्याचा एका चकरेत आख्खा दिवस जातो, म्हणून निघण्याआधी फोन करून संबंधित कर्मचारी हजर आहेत का ते विचारून घ्या.

नियमांत मुदत तीस दिवसांची आहे. आणि 2020 च्या त्या नियमांत लिहिलेलं होतं की जिल्हाधिकारी प्रतिज्ञापत्राच्या आधारे, कोणतीही वैद्यकीय किंवा शारीरिक तपासणी न करता हे पहिलं प्रमाणपत्र देतील. मी गेलो तेव्हा एका खिडकीवर मला “ऑपरेशनचा कागद आणा, त्याशिवाय फाइल पुढे जाणार नाही” असं सांगितलं गेलं होतं. रांगेत माझ्यामागे आठ-दहा माणसं होती आणि सगळ्यांनी ते ऐकलं. मी बाहेर येऊन पायरीवर बसून राहिलो. दुसऱ्या दिवशी त्या नियमाची प्रिंट काढली, ते वाक्य पिवळ्या मार्करने रंगवलं आणि अर्जाला जोडून आवक-जावकमध्ये दिलं, पोच घेतली. पुन्हा कुणी विचारलं नाही. तोंडी वाद घालण्यात तुमचंच मन दुखतं. कागदाला कागदाने उत्तर द्या आणि पोचेवर तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय हलू नका.

अर्ज फेटाळला तर कारण कळवावं लागतं आणि नव्वद दिवसांच्या आत अपील करता येतं. या कामात वकील हवा असेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातलं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय गाठा किंवा 15100 वर फोन करा. ज्यांच्या खटल्यातून 2014 चा निकाल आला त्याच राष्ट्रीय प्राधिकरणाची ही मदतवाहिनी आहे. अर्ज नुसताच पडून असेल तर दहा रुपयांचं तिकीट लावून माहिती अधिकारात विचारा: माझा अर्ज आज कोणत्या टेबलावर आहे आणि किती दिवसांपासून? बहुतेक वेळा उत्तर येण्याआधीच फाइल हलते.

प्रमाणपत्र आणि ओळखपत्र हातात आलं की नावाचं स्पेलिंग वहीतल्या पानाशी अक्षरन् अक्षर ताडून पाहा. चूक असेल तर याच पायरीवर दुरुस्त करा. पुढे गेलात तर तीच चूक दहा कागदांवर उमटेल. पीडीएफ स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा आणि पाच-सहा रंगीत प्रिंट काढा.

राजपत्र काढायचं का?

फक्त पहिलं नाव बदलायचं असेल तर कायद्याने प्रमाणपत्र पुरेसं आहे. तरीही मी राजपत्र काढायला सांगतो. कारण साधं आहे. बँकेच्या शाखेत, विद्यापीठात, खासगी कंपनीच्या ऑफिसात बसलेल्या माणसाने ट्रान्सजेंडर प्रमाणपत्र कदाचित पहिल्यांदाच पाहिलेलं असतं. गॅझेट मात्र तो रोज बघतो. त्याला ओळखीचा कागद दिला की काम दहा मिनिटांत होतं.

महाराष्ट्र शासन राजपत्राच्या भाग दोनमध्ये नावबदलाच्या जाहिराती छापल्या जातात. हे काम शासन मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशन संचालनालयाकडे आहे आणि अर्ज ऑनलाइन होतो. जुनं पूर्ण नाव, नवं पूर्ण नाव, कारण, पत्ता, फोटो आणि ओळखीचे पुरावे लागतात. शुल्क पोर्टलवरच भरायचं. कोणताही एजंट नको. राजपत्र निघालं की डिजिटल सहीची पीडीएफ डाउनलोड करून ठेवा, ज्या पानावर तुमचं नाव आहे ते पान आणि पहिलं पान, दोन्ही.

मात्र राजपत्र सार्वजनिक असतं. त्यात जुनं आणि नवं नाव शेजारी शेजारी, पत्त्यासकट छापून येतं, आणि शोधणाऱ्याला सापडतं. घरातून जिवाला धोका असेल, कुणी शोधत असेल, तर ही पायरी पुढे ढकला आणि प्रमाणपत्रावरच काम चालवा. वर्तमानपत्रात वेगळी जाहिरात द्यावी लागते असंही काही जण सांगतात. मी दिली नव्हती आणि माझं काही अडलं नाही. तालुक्याच्या पेपरात स्वतःचं जुनं नाव छापून आणण्याआधी ती नक्की कोण मागतंय ते लेखी विचारा.

आधार, मग पॅन, मग बँक

हा क्रम मोडू नका. मी आधी बँकेत गेलो होतो. त्यांनी नवं आधार मागितलं. आधारच्या केंद्रावर गेलो तर राजपत्र आलेलं नव्हतं. असे दोन महिने गेले.

आधारच्या केंद्रावर प्रमाणपत्राची किंवा ओळखपत्राची मूळ प्रत न्या, राजपत्र असेल तर तेही, आणि जुन्या नावाचा एक फोटो असलेला पुरावा. ऑपरेटर स्क्रीनवर टाइप करतो तेव्हा त्याच्या खांद्यावरून स्पेलिंग बघा, मराठी आणि इंग्रजी दोन्ही. यंत्र मराठी नाव आपोआप बनवतं आणि ऱ्हस्व-दीर्घ चुकवतं. पावतीवर सही करण्याआधी तो दुरुस्त करू शकतो, नंतर नाही.

माझ्यासोबत आलेल्या एका ताईचा किस्सा सांगतो. ट्रान्सवूमन, धरणगावकडची, दोन हंगाम दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचून आलेली. कापसाच्या बोंडाच्या टोकांनी तिच्या बोटांची कातडी इतकी सोलवटली होती की यंत्रावर एकही ठसा उमटेना. ऑपरेटर म्हणाला, “तुमची बायोमेट्रिक मॅच होत नाही.” ती घाबरली, तिला वाटलं की यंत्रालाही आपण कोण ते कळेना झालं. मी तिला बाहेर नेलं, नळावर हात धुतले, शेजारच्या दुकानातून व्हॅसलिन घेऊन बोटांना चोळलं, पुसलं. दोन बोटं लागली, आणि बाकीचं काम डोळ्यांच्या स्कॅनवर झालं. शेतात काम करत असाल तर जाण्याआधी दोन-तीन रात्री हातांना तेल लावून झोपा.

आधार बदलून आलं की पॅन. दुरुस्तीच्या फॉर्ममध्ये नाव आणि लिंगाचे चौकोन टिक करायला विसरू नका, नुसतं नवं नाव लिहून भागत नाही. 2018 पासून पॅनच्या फॉर्मवर ट्रान्सजेंडर हा पर्याय आहे. नंबर तोच राहतो. आधार आणि पॅनवरचं नाव वेगळं असेल तर दोन्हींची जोडणी अडू शकते.

मग बँक. नवं आधार, नवं पॅन, प्रमाणपत्र किंवा राजपत्र आणि एक अर्ज. खातं क्रमांक बदलत नाही, पासबुक, एटीएम कार्ड आणि सहीचा नमुना बदलतो. फॉर्मवर “तृतीय लिंग” हा रकानाच नाही असं कुणी म्हणालं, तर रिझर्व्ह बँकेने 23 एप्रिल 2015 लाच सगळ्या बँकांना तो ठेवायला सांगितलंय हे सांगा. जुन्या नावाचे चेक शिल्लक असतील तर परत करा. नोकरी असेल तर भविष्य निर्वाह निधीच्या खात्यावरचं नावही मालकामार्फत लगेच बदलून घ्या, नाहीतर पैसे काढायच्या दिवशीच ते आठवतं.

मतदार यादीसाठी फॉर्म 8 आहे, ऑनलाइन किंवा गावातल्या बीएलओकडे (मतदार यादीचं काम बघणारा कर्मचारी). लायसन्स आरटीओच्या सारथी पोर्टलवरून. रेशन कार्ड तहसीलच्या पुरवठा शाखेत. ही तिन्ही नव्या आधारवर होऊन जातात, त्यात फार गुंता नाही.

शाळेचा दाखला : इथे धीर लागतो

सगळ्यात जास्त चकरा इथे होतात आणि सगळ्यात जास्त जीवही इथेच अडकतो, कारण नोकरीला, पोलीस भरतीला, जात पडताळणीला सगळे शेवटी शाळा सोडल्याचा दाखलाच मागतात.

मुख्याध्यापक सांगतात की विद्यार्थी शाळा सोडून गेल्यावर जनरल रजिस्टरमधली नोंद बदलता येत नाही. ते खोटं बोलत नाहीत. माध्यमिक शाळा संहितेचा जुना नियम त्यांच्या डोक्यात पक्का असतो आणि उद्या चौकशी लागली तर काय, ही भीती असते. त्यांना दोन गोष्टी लेखी दाखवा: 2019 च्या कायद्याचं ते कलम 7, आणि 2020 च्या नियमांना जोडलेली कागदपत्रांची यादी. त्या यादीत जन्मदाखल्यासोबत शाळा, बोर्ड, कॉलेज, विद्यापीठाचे शैक्षणिक दाखले आणि जातीचा दाखला स्पष्ट लिहिलेले आहेत. प्रमाणपत्र दाखवून अर्ज केल्यावर संबंधित कार्यालयाने पंधरा दिवसांत बदल करावा, असंही तेच नियम सांगतात. एवढ्यानेही मुख्याध्यापकांना धीर झाला नाही तर त्यांना प्रस्ताव जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवायला सांगा. वरून पत्र आलं की ते मोकळे होतात.

माझ्या शाळेत पत्र आलं त्या दिवशी सरांनी कपाटातून जनरल रजिस्टर काढलं. पुठ्ठ्याची बांधणी, कोपरे वाळवीने खाल्लेले. माझ्या पहिलीतल्या प्रवेशाची ओळ निळ्या शाईत होती, आईने सांगितलेलं नाव तिथे लिहिलेलं. सरांनी त्या नावाला हात लावला नाही. शेजारच्या शेऱ्याच्या रकान्यात लाल शाईने नवं नाव लिहिलं, पुढे जिल्हाधिकाऱ्यांच्या प्रमाणपत्राचा क्रमांक आणि तारीख, खाली सही आणि शिक्का. शाई वाळेपर्यंत त्यांनी पान उघडंच ठेवलं. मी सुरुवातीला जो धागा म्हणालो तो डोळ्यांनी बघायचा असेल तर तो असा दिसतो. जन्मनोंदीतही हेच होतं. ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपालिकेच्या रजिस्टरात मूळ नोंद राहते आणि समासात दुरुस्ती येते.

दाखला हातात आला की शाळेमार्फतच दहावी-बारावीच्या प्रमाणपत्रांसाठी बोर्डाच्या नाशिक विभागीय मंडळाकडे अर्ज करा. धुळे, जळगाव, नंदुरबार तिन्ही जिल्हे त्याच मंडळात येतात. मग विद्यापीठ. आपलं विद्यापीठ 1990 मध्ये उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ म्हणून सुरू झालं आणि 2018 मध्ये त्याला बहिणाबाई चौधरींचं नाव मिळालं. त्याआधीची पदवी जुन्या नावाने छापलेली असली तरी ती त्याच विद्यापीठाची. अर्जात विद्यापीठाचं आजचं नाव लिहा आणि पदवीवरचं नाव कंसात द्या.

जातीचा दाखला बदलण्याआधी जात पडताळणी झाली आहे का ते बघा. वैधता प्रमाणपत्र जुन्या नावाचं असेल तर दाखला आणि वैधता दोन्ही सोबत न्यावे लागतात. भिल्ल, पावरा, तडवी समाजातल्या मित्र-मैत्रिणींना विशेष सांगतो: वडिलांच्या आणि आजोबांच्या नोंदींशी तुमचं नातं दाखवणारे कागद, म्हणजे वंशावळ, जुने शाळेचे उतारे, यांच्या प्रती जुन्या नावासकट जपून ठेवा. पडताळणी समितीसमोर तेच कामाला येतात. वडिलांचं नाव आणि आडनाव बदलायचा विचार असेल तर पडताळणी झाल्यावरच करा.

फाइलमध्ये काय ठेवायचं

प्लास्टिकची वीस कप्प्यांची फाइल मिळते, ती घ्या. पहिल्या कप्प्यात प्रमाणपत्र, दुसऱ्यात राजपत्र, तिसऱ्यात “दोन्ही नावांची व्यक्ती एकच” असं प्रतिज्ञापत्र, दोन-तीन मूळ प्रतींत. त्यानंतर प्रत्येक कप्प्यात एकेक कागद, पुढे नवा आणि त्याच्यामागे जुन्याची झेरॉक्स. नवा कागद आला म्हणून जुन्याची प्रत फाडू नका. ते नाव बघवत नसेल तर उलटं घालून ठेवा, मी तसंच ठेवलंय. सगळ्या पोचपावत्या शेवटच्या कप्प्यात, तारखेप्रमाणे.

सातबारा

जमिनीवर नाव असेल तर हे काम सगळ्यात शेवटी घ्या, आधार आणि बँक झाल्यावर. पीक विमा, अनुदान, सोसायटीचं कर्ज हे सगळं आधार, बँक आणि सातबारा यांच्या जुळणीवर चालतं. म्हणून हंगामाच्या मधे हात घालू नका, विम्याचे आणि अनुदानाचे पैसे जमा होऊन जाऊ द्या.

तलाठ्याकडे अर्ज, सोबत प्रमाणपत्र, राजपत्र, नवं आधार. तलाठी फेरफार घेतो, नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस असतात आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. ही नोटीस चावडीवर लागते, त्यात जुनं आणि नवं नाव दोन्ही असतात आणि गाव ती वाचतं. भाऊबंदकीचा वाद असेल तर हरकत येऊ शकते. म्हणून नोटीस लागण्याआधी घरातल्या खातेदारांना स्वतः जाऊन सांगा. हा तुमच्या हिश्श्याचा विषय नाही, हिस्सा आहे तेवढाच राहतो, फक्त नाव बदलतं, हे त्यांना त्याच शब्दांत सांगा. मी आधी काकांकडे गेलो होतो. त्यांनी बराच वेळ काही न बोलता सुपारी कातरली, मग चष्मा लावून अर्ज वाचला, आणि आडनावातली वेलांटी चुकलेली दाखवली. ती दुरुस्त करून मी दुसऱ्या दिवशी अर्ज दिला.